घरासाठी कुत्र्याची निवड

घरासाठी कुत्र्याची निवड म्हणजे पाळण्यासाठी पिल्लू घ्यावे की वाढलेला कुत्रा, हे घरातील माणसे, त्यांचा मोकळा वेळ, हवामान आणि परिसर पाहून ठरवणे होय. पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी तालुक्यांत हा प्रश्न शहरातील सदनिकेपेक्षा वेगळ्या रूपात समोर येतो. किनाऱ्यावर मच्छीमार वस्त्या, त्यामागे चिकूच्या वाड्या आणि पूर्वेकडे डोंगरउतारावरील आदिवासी पाडे अशी येथील वस्ती आहे. कुत्रा बहुधा मोकळा असतो आणि राखण हेच त्याचे काम असते. वारली चित्रांतही गुरे व कोंबड्यांच्या सोबतीने तो दिसतो.

पिल्लू

वयाच्या सुमारे तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांत पिल्लू ज्यांच्या सहवासात येते, त्यांना ते पुढे सहज स्वीकारते. अमेरिकी संशोधक जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा काळ सविस्तर मांडला आहे. ज्या वाडीत कोंबड्या, शेळ्या आणि लहान मुले आहेत, तेथे पिल्लाची ओळख त्यांच्याशी याच काळात व्हावी. नंतर कोंबडी धरण्याची खोड मोडणे कठीण जाते. तरीही पिल्लाला आईपासून फार लवकर तोडू नये. २०१७च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा कमी वयाचे पिल्लू विकता येत नाही. विक्रेता सांगेल त्या वयावर विसंबण्यापेक्षा तोंड उघडून पाहावे: दुधाचे सर्व २८ दात साधारण दोन महिन्यांपर्यंत येतात, तर कायमचे ४२ दात सहा-सात महिन्यांत पूर्ण होतात.

पिल्लाला दिवसातून अनेकदा खाणे, बाहेर नेणे आणि लक्ष लागते. पहाटेच होडीवर किंवा मजुरीला जाणाऱ्या कुटुंबात ते दिवसभर एकटे पडते. पार्व्हो व डिस्टेंपर यांच्या लसी सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून काही आठवड्यांच्या अंतराने, सुमारे सोळाव्या आठवड्यापर्यंत द्याव्या लागतात. मात्रा अर्धवट सोडलेले पिल्लू पार्व्होने काही दिवसांत दगावू शकते.

वाढलेला कुत्रा

वाढलेल्या कुत्र्याचा आकार व स्वभाव डोळ्यांसमोर असतो. मुले जवळ आल्यावर तो शेपूट कशी ठेवतो, ताटाला हात लावल्यास गुरगुरतो का, हे पाहता येते. त्यासाठी त्याला एकदाच नव्हे, निरनिराळ्या वेळी भेटावे. वृद्ध किंवा दिवसभर कामावर असणाऱ्यांच्या घरी असा कुत्रा अधिक सोयीचा ठरतो, आणि या परिसरात त्याचा विचार पुरेसा होत नाही. कान कापलेला भटका कुत्रा बहुधा निर्बीजीकरण व रेबीजची लस झालेला असतो. तरी पूर्वइतिहास ठाऊक नसल्यास पशुवैद्याकडून तपासून लस पुन्हा द्यावी. बाहेरून निरोगी दिसणाऱ्या कुत्र्यातही रेबीजचा विषाणू आठवडे किंवा महिने सुप्त असू शकतो. पिल्लाला ही लस साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर देतात. कुत्रा चावल्यास जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रुग्णालयात जावे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही.

जात आणि हवामान

दमट उन्हाळ्यात दाट केसांचे हस्की वा सेंट बर्नार्ड आणि चपट्या नाकाचे पग त्रासतात. गावठी कुत्रा या हवेला सरावलेला असतो. महाराष्ट्रातील कारवानी जातही उष्णता सहन करते, मात्र ती शिकारी असून धावण्यास मोकळी जागा मागते. पावसाळ्यात गोचिडांमुळे होणारे ताप आणि साचलेल्या पाण्यातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस यांचा धोका वाढतो. किनाऱ्यावर सुकटीचे उरलेले तुकडे कुत्र्याला घालण्याची सवय आहे. त्यातील जास्त मीठ त्याला अपायकारक ठरते.

जंगलालगतच्या पाड्यांवर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. महाराष्ट्रातील शेतीप्रदेशात झालेल्या अभ्यासांत बिबट्याच्या आहारात पाळीव कुत्र्यांचे प्रमाण मोठे आढळले आहे. त्यामुळे रात्री अंगणात बांधलेला कुत्रा राखण करण्याऐवजी बिबट्याला घराजवळ आणू शकतो. अशा घरी त्याला रात्री बंद खोलीत किंवा मजबूत जाळीच्या खोपटात ठेवतात.