चिमुकले सैन्य : अस्तराचे प्रकरण

तोफगाड्यांचा विषय या खेपेस घेण्याचे मी कबूल केले होते खरे. परंतु मांडवीच्या एका वाचकभगिनींची फिर्याद दाखल झाली असून, दिवाळी तोंडावर आलेली असताना ती तहकूब ठेवणे न्याय्य नव्हे. मुलांनी साच्यातून शाडूचे मावळे काढले, उन्हात वाळवले, वर झकास तैलरंग चढवला, आणि किल्ल्यावर रवानगी होण्यापूर्वीच अंगरख्यांना फोड येऊन रंगाचे पापुद्रे सुटू लागले; तेव्हा दोष रंगाचा की दुकानदाराचा, असा त्यांचा सवाल आहे.

माझ्या मते दोघेही निर्दोष आहेत. रत्नागिरीच्या आश्विनात ऊन कितीही कडक असले, तरी समुद्रावरच्या दमट हवेत शाडू वरून पांढरी पडते, बोटाला कोरडी लागते, आणि गाभ्यात, विशेषतः साच्याचे दोन अर्धे जिथे जुळतात त्या जाड भागात, ओल दबा धरून राहते. तैलरंगाने तिची वाट अडवली की ती बाहेर पडताना रंगच उचलते. मावळा गालाला लावून पाहावा. गार लागला तर तो अद्याप ओला आहे. याहून खात्री हवी असेल, तर तराजूवर लागोपाठ दोन दिवस वजन तेच भरेपर्यंत त्याला सावलीत थांबवावे.

त्यानंतर अस्तर. आपल्याकडील गणपतीच्या शाळेत रंगापूर्वी मूर्तीवर पांढरा हात फिरतो, आणि १९८१ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात असलेल्या सावंतवाडीचे चितारी गंजिफांच्या कापडावर चिंचोक्याची खळ व खडूची पूड घोटल्यावाचून कुंचला उचलत नाहीत, ते उगाच नव्हे. विलायतेत विल्यम ब्रिटनने १८९३ पासून पोकळ शिशाचे शिपाई ओतले, आणि ज्यांच्या बळावर एच. जी. वेल्सने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ हे घरगुती युद्धाचे नियमपुस्तक लिहिले, त्या शिपायांची तक्रार नेमकी उलट: माती अधाशीपणाने रंग पिते, धातू थेंबही पीत नाही, म्हणून दोघांनाही मध्ये अस्तराचा दुवा लागतो. हल्लीचे हौशी लोक अठ्ठावीस मिलिमीटरच्या शिपायांवर फवाऱ्याचे अस्तर मारतात; आपल्या दमट हवेत ते रवाळ बसते आणि बिचाऱ्याचे नाकच बुजते, म्हणून मी कुंचल्याचाच पक्षपाती आहे.

तेव्हा बाईंनी सुटलेला रंग हलकेच खरवडावा, जोडाची उभी रेघ ब्लेडने तासून घ्यावी (अस्तरानंतर ती तासली तर पांढऱ्यात मातीचा चरा उमटतो), मावळे पुरते वाळू द्यावेत, मग पातळ अस्तराचे दोन हात देऊन जलरंग वापरावा: आधी कातडी, मग अंगरखा, मग ढाल-तलवार. मिशा चेहरा खडखडीत वाळल्यावरच काढाव्यात. ओल्या गालावर काळा रंग फुटतो आणि तरणाबांड मावळा दाढीवाला होतो.