सभागृह नाकारलं, मैदान भरलं!

१९३९. मारियन अँडरसन म्हणजे युरोप गाजवून आलेल्या गायिका. तरी वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये त्यांना गाऊ दिलं नाही, कारण त्या कृष्णवर्णीय. हॉल 'डॉटर्स ऑफ द अमेरिकन रिव्होल्यूशन' या संस्थेचा. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी त्या संस्थेचा राजीनामाच दिला.

९ एप्रिल, ईस्टरचा रविवार. थंडी, अंगावर फरकोट, मागे लिंकन स्मारक, समोर सुमारे ७५,००० श्रोते. अँडरसन यांनी निषेधाचं भाषण ठोकलं नाही. सुरुवात केली ती चक्क देशभक्तिपर गाण्याने! याहून सणसणीत उत्तर कोणतं?

१९४३मध्ये त्याच संस्थेच्या निमंत्रणावरून त्या त्याच हॉलमध्ये गायल्या. १९५५मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरात भूमिका करणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय गायिका ठरल्या.

१९३९च्या मैफलीचं चित्रीकरण उपलब्ध आहे. जरूर पाहा.