सिंगापुरातला जपानी रंधा

सिंगापूर बृहन्मुंबईपेक्षा आकाराने काहीसे मोठे. लाकडासाठी राखलेले जंगल तिथे नाही. दहांतली सुमारे आठ माणसे सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या, म्हणजे एचडीबीच्या, उंच इमारतींत राहतात आणि टेबल-खुर्ची हवी असेल तर ती दुकानातून आणून संध्याकाळपर्यंत जोडूनही होते. अशा शहरात माणसे पैसे मोजून, सुट्टीचे दिवस खर्चून, जपानी पद्धतीचा रंधा ओढायला आणि पटाशीला धार लावायला शिकतात. टोम्बालेकसारखी कार्यशाळा तर जपानी हातहत्यारांवरच भर देते. पैसेवाल्या शहराचा हा आणखी एक छंद, कुंभारकाम झाले, पाव भाजून झाले, आता सुतारकाम, असे म्हणून विषय संपवता येईल. पण मला तो तिथे संपतो असे वाटत नाही. या कलेला जपानात जे जे आधार मिळतात, थंड-कोरडा हिवाळा, सरळ रेषेचे मऊ लाकूड, उस्ताद, घराण्याची शिस्त, त्यांतला एकही सिंगापुरात नाही. म्हणून तिथे ती केवळ ‘असे करतात’ म्हणून शिकता येत नाही; ‘असे का करतात’ हे कळावेच लागते. आणि शिकण्याच्या दृष्टीने ही उणीव मला फायद्याची वाटते.

आधी हत्यार नीट पाहायला हवे. जपानी रंधा, कान्ना, दिसायला अगदी साधा: ओक लाकडाचा एक ठोकळा, त्यात तिरपी खाच, खाचेत पाचरीसारखे निमुळते पाते आणि त्याच्यावर साल मोडणारे दुसरे छोटे पाते. स्क्रू नाही, मूठ नाही, पाते मागेपुढे करायला चक्र नाही. पात्याच्या डोक्यावर हातोडीचा हलका ठोका दिला की ते खाली सरकते. ठोकळ्याच्या मागच्या कडेवर ठोका दिला की वर येते. पाते दोन धातूंचे असते. धारेपाशी कडक पोलादाचा पातळ थर आणि त्याच्या पाठीशी मऊ लोखंड. पोलाद फार कडक असल्यामुळे धार टिकते, पण नुसत्या पोलादाचे जाड पाते दगडावर घासता घासता माणूस थकेल आणि ठोका बसला तर ते तडकेल; मऊ लोखंड या दोन्ही अडचणी सोसते. पोलादाची बाजू मुद्दाम किंचित पोकळ ठेवलेली असते, म्हणजे दगडावर सपाट करताना फक्त कडा घासल्या जातात. वर्षानुवर्षे धार लावत गेले की ही पोकळी धारेपर्यंत येऊन संपते. तेव्हा कारागीर पात्याच्या उताराकडच्या मऊ लोखंडावर हातोडीने बारीक ठोके देतो, धारेजवळचे पोलाद हळूहळू पलीकडे ढकलतो आणि पुन्हा सपाट करतो. ठोका चुकून पोलादावर पडला तर पात्याचा टवका उडतो.

यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की दुकानातून आणलेला चांगला कान्ना चालतच नाही. पाते ठोकळ्यात नीट बसेल इतकी खाच खरवडून घ्यावी लागते. तळ सगळा सपाट ठेवायचा नसतो. तो पात्याच्या पुढे आणि टोकाशी अशा ठरावीक पट्ट्यांवरच लाकडाला टेकावा, मधला भाग केसभर खोल असावा, असा तासावा लागतो. म्हणजे विकत मिळते ते अर्धे हत्यार; उरलेले अर्धे विकत घेणाऱ्याने करायचे असते. जपानात ‘केझुरोकाई’ नावाच्या मेळाव्यांत कारागीर रंध्याची साल किती पातळ निघते याची चढाओढ करतात आणि ती मायक्रॉनमध्ये मोजतात. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो आणि तिथल्या साली पाच-दहा मायक्रॉनच्या असतात. इतक्या पातळ सालीचा फर्निचरला काडीचाही उपयोग नाही, हे खरेच. पण धार, तळ आणि पात्याची बैठक या तिन्हींतली कुठलीही चूक त्या सालीत लपत नाही.

आता हा ठोकळा सिंगापुरात न्या. तिथल्या हवेत वर्षभर सरासरी ऐंशी टक्क्यांच्या वर आर्द्रता असते आणि घराघरांत, कार्यशाळांत, कचेऱ्यांत वातानुकूलन चालते. उघड्या व्हरांड्यातले लाकूड आपल्या वजनाच्या सोळाएक टक्के पाणी धरून ठेवते. वातानुकूलित खोलीत तेच दहा-अकरा टक्क्यांपर्यंत उतरते. फूटभर रुंदीची फळी एवढ्या फरकाने तीन-चार मिलिमीटर आक्रसू शकते. म्हणून खाच आणि कुसू अचूक जुळवून केलेला सांधा खोली बदलताच ढिला पडतो किंवा घट्ट फसतो; चौकटीत पक्की खिळलेली फळी तडकते. रंध्याचा ठोकळाही लाकडाचाच, तोही हलतो, आणि काल सुरेख चालणारा रंधा आज लाकडाला टेकतच नाही. पात्याचे साधे कार्बन पोलाद तर दमट हवेत एका रात्रीत गंजाचे ठिपके दाखवते. तेल लावून ठेवणे हा तिथे उपचार राहत नाही. जपानी कारागीर ऋतू पाहून तळ तासतो. सिंगापुरात ऋतू नाहीत, पण दाराच्या आत आणि बाहेर दोन वेगळे ऋतू आहेत. फळीला हलायला जागा ठेवून चौकट का करायची, खिळ्याऐवजी सरकता सांधा का, हे तिथल्या विद्यार्थ्याला समजावून सांगावे लागत नाही. त्याचे पहिले खोके दोन आठवड्यांत ते सांगते.

दुसरी अडचण जागेची आणि आवाजाची. एचडीबीचे नेहमीचे चार खोल्यांचे घर सुमारे नव्वद चौरस मीटरचे. घराच्या दुरुस्तीत भिंत फोडणे, फरशी कापणे, फार ड्रिलिंग करणे असली गोंगाटाची कामे सोमवार ते शुक्रवार, सकाळी नऊ ते पाच एवढ्याच वेळात करता येतात. अशा इमारतीत टेबल-सॉ आणि विजेचा रंधा चालवू पाहणाऱ्याच्या दारावर शेजारी आलाच समजा. जपानी हत्यारांचे मात्र इथे छान जमते. त्यांची करवत ओढताना कापते. ढकलताना वाकू नये म्हणून पाते जाड ठेवण्याची गरज उरत नाही, त्यामुळे सांध्यांसाठीच्या करवतीचे पाते मिलिमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतके पातळ करता येते, भुसा कमी पडतो आणि जोरही कमी लागतो. कामाला जड बाक आणि शिकंजा लागत नाही. जमिनीवर बसून, पायाने लाकूड दाबून, अंगाचे वजन मागे टाकत काम होते. आपल्याकडचा जुना सुतारही उकिडवा बसून पायाच्या बोटांत फळी धरायचा, तेव्हा मराठी वाचकाला यात परके काही वाटायचे कारण नाही; उलट बाकावर उभे राहून काम करणे हीच आपल्याकडे नंतर आलेली रीत. एक विसंगती मात्र मान्य करायला हवी. आज बहुतेक विद्यार्थी ज्या करवती वापरतात त्यांचे दात विजेच्या झटक्याने इतके कडक केलेले असतात की त्यांना कानस लागत नाही; पाते बोथट झाले की फेकायचे आणि नवे लावायचे. धारेच्या स्वावलंबनाचा एवढा गौरव करणाऱ्या परंपरेत करवत फेकून द्यायची झाली आहे.

पहिला आक्षेप सरळ आहे: यंत्राने हेच काम वेगाने आणि बिनचूक होते. होते, आणि पन्नास कपाटे करायची असतील तर हाताने रंधा मारणे हा शुद्ध वेडेपणा आहे. जपानातही बहुतेक घरांचे सांधे आता कारखान्यात यंत्रावर कापले जातात. पण यंत्राला सरळ, वाळलेले, एकसारखे लाकूड लागते, आणि ते तसे नसेल तर यंत्र ते सांगत नाही, फाडते. रेषा उलट्या वळल्या की हाताला आधी कळते. रंधा अडतो, आवाज बदलतो, साल तुटक येते. ज्याला हे कळते तो यंत्रावरही चांगले काम करतो. म्हणून शिक्षणात हातहत्यार आधी आणि यंत्र नंतर, हा क्रम मला योग्य वाटतो. यंत्र नकोच, असा हट्ट कुणी धरत असेल तर त्याच्याशी मी सहमत नाही.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. नारा येथील होर्यूजी मंदिराचे प्रमुख सुतार निशिओका त्सुनेकाझु (१९०८–१९९५) यांनी आपला शिष्य ओगावा मित्सुओ याला रंध्याची एक साल दाखवली आणि अशी साल काढता येईपर्यंत धारच लावायला बसवले. पहिले वर्ष वर्तमानपत्र नाही, दूरदर्शन नाही. याच ओगावांनी पुढे १९७७ साली ‘इकारुगा कोशा’ ही संस्था काढली, आणि तिथेही शिष्य गुरूबरोबर एकत्र राहून, स्वयंपाक आणि झाडलोट करत वर्षानुवर्षे शिकत आले. त्यापुढे आठ-दहा रविवारांचा वर्ग म्हणजे थट्टाच, असे कुणी म्हटले तर उत्तर देणे अवघड आहे. मंदिराचा सुतार अशा वर्गातून घडणार नाही. पण त्या शिष्यपरंपरेचा एक भाग मौनाचा होता: गुरू सांगत नाही, शिष्याने पाहून चोरायचे. ज्याच्याकडे दहा वर्षे आहेत त्याला हे परवडते. ज्याच्याकडे रविवारच आहेत त्याला कोन, दगडाचा क्रम, ठोकळ्याचा तळ, सगळे शब्दांत सांगावे लागते, आणि सांगण्यासाठी शिकवणाऱ्याला ते आधी स्वतःशी स्पष्ट करावे लागते. अमेरिकेत स्थायिक झालेले तोशिओ ओदाते यांनी १९८४ साली जपानी हत्यारांवर इंग्रजीत जे पुस्तक लिहिले, ते अशाच परक्या विद्यार्थ्यांसाठी होते. परंपरेचे बरेच ज्ञान असे घराबाहेर गेल्यावरच लिहून निघाले आहे.

मग जपानीच का? सिंगापूरची स्वतःची सुतारकी होती. तेलोक आयर रस्त्यावरचे थियान हॉक केंग मंदिर १८३९ ते १८४२ या काळात होक्किएन समाजाने बांधले. कारागीर आणि बरेचसे साहित्य चीनमधून आले, आणि त्याच्या छताचा भार एकात एक अडकवलेल्या लाकडी ब्रॅकेटांवर, खिळ्यांविना तोललेला आहे. होर्यूजीचे ब्रॅकेटही त्याच कुळातले; बौद्ध मंदिरे बांधण्याची विद्या चीनमधून कोरियामार्गे जपानात गेली. कुणी म्हणेल, तेलोक आयर सोडून क्योटोकडे का पाहायचे? याला भावनेचे नाही, व्यवहाराचे उत्तर आहे. चिनी सुतारांची विद्या बोलीभाषांच्या गटांत, नात्यागोत्यांत तोंडी चालली आणि कारखाने आल्यावर ती पुढे द्यायला तरुण उरले नाहीत. जपानात मात्र मिकी आणि सान्जो या गावांत आजही लोहार पाती घडवतात, कोबेच्या ताकेनाका संग्रहालयात १९८४ पासून हत्यारांचा पद्धतशीर संग्रह आहे, आणि पाते, ठोकळा, दगड हे सगळे मागवता येते. ज्या परंपरेची हत्यारे बाजारात मिळतात तीच परंपरा शिकता येते. याच संदर्भात एक गोष्ट मात्र विसरू नये. १९४२ मध्ये जपानी सैन्याने बेट घेतल्यावर मॅकरिची जलाशयाकाठच्या रानात शोनान जिंजा हे शिंतो मंदिर ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन युद्धकैद्यांच्या श्रमातून उभे राहिले. १९४५ मध्ये शरणागतीच्या सुमारास जपान्यांनीच ते नष्ट केले. दगडी पायऱ्या आणि हात धुण्याचे ग्रॅनाइटचे कुंड रानात उरले आहे. जपानी लाकूडकामाभोवती शांतता, साधेपणा, निसर्ग असे धूसर शब्द गुंडाळून ते विकणाऱ्यांनी हा अवशेष जरूर पाहावा. कारागिरी उत्तम असली म्हणून ती निष्पाप ठरत नाही. विद्यार्थ्याने घ्यायचे ते पात्याचे ज्ञान. बाकीचे अध्यात्म वगळले तरी चालते.

सामाजिक वर्गाचा आक्षेप मात्र मला पुरता खोडता येत नाही. सिंगापूरच्या बांधकामावर रोज लाकूड हाताळणारे, काँक्रीटचे साचे ठोकणारे हात बहुतेक बांगलादेश, भारत आणि चीनमधून आलेल्या मजुरांचे आहेत. त्यांच्याकडे ना रविवारचे पैसे, ना जपानी रंध्याची किंमत. जो लाकडावर जगतो तो हे शिकत नाही आणि जो शिकतो तो लाकडावर जगत नाही. २०१५ पासूनची सरकारी ‘स्किल्सफ्युचर’ योजना नागरिकांना शिक्षणासाठी पैसे देते, पण तिचा तराजू नोकरीचा आहे, आणि या मजुरांना ती लागू नाही. हातकामाची महती सांगणाऱ्या कुठल्याही शहरी कार्यशाळेला हा प्रश्न विचारायला हवा.

तरी एक दार उघडे आहे. सिंगापुरात जंगल नसले तरी झाडे भरपूर आहेत, आणि रस्ता रुंद करताना, इमारत बांधताना किंवा वादळात ती पडतात. मुंबईच्या रस्त्यांवर दिसणारा रेन ट्री तिथेही सर्वत्र आहे; अंगसाना आणि महोगनीही आहेत. ‘रॉजर अँड सन्स’ या सुतारी कार्यशाळेने ‘लोकल ट्री प्रोजेक्ट’ या नावाने अशी तोडलेली झाडे फर्निचरसाठी वापरायला घेतली. हे लाकूड कारखान्याला नको असते: वाकडे, गाठींचे, रेषा उलटसुलट. जपानी रंधाही त्याच्यासाठी जन्मलेला नाही. हिनोकी आणि सुगीसारख्या मऊ लाकडांसाठी पाते ठोकळ्यात अडतीस-चाळीस अंशांनी बसवतात, आणि ते या गाठाळ लाकडात सरळ फाडत जाते. कठीण लाकडासाठी कोन पंचेचाळीस अंशांच्या पुढे न्यावा लागतो, वरचे छोटे पाते धारेच्या अगदी जवळ आणावे लागते. तेव्हा सिंगापूरच्या वर्गांनी घरी न्यायच्या सुबक स्टुलापासून सुरुवात करण्याऐवजी विद्यार्थ्याच्या हातात न चालणारा नवा रंधा, तीन दगड आणि रेन ट्रीची एक हट्टी फळी द्यावी. स्टूल दुसऱ्या वर्षी करता येईल.