पाहुणे शिक्षक : जपानमधली चार दशके

इंग्रजी शिकवायला परदेशी माणूस बोलावण्याची जपानची रीत मेइजी काळातली आहे. १८९० मध्ये मात्सुएच्या शाळेत रुजू झालेला लाफ्काडिओ हर्न तिथल्याच सामुराई घराण्यातल्या सेत्सुशी लग्न करून पुढे जपानी नागरिक झाला आणि कोइझुमी याकुमो या नावाने लेखक म्हणून गाजला. पण तेव्हा असा शिक्षक मोजक्या शाळा-विद्यापीठांनाच लाभे. खेड्यापाड्यांतल्या सरकारी शाळेत तो सर्रास दिसू लागला १९८७ पासून, परदेशी तरुणांना शाळांत नेमणाऱ्या सरकारच्या जेट योजनेमुळे.

या योजनेचा उगम केवळ शैक्षणिक नव्हता. मोटारी आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीवरून अमेरिका जपानवर चिडली होती. देश बाहेरच्यांना दार उघडतो आहे, हे पंतप्रधान नाकासोने यांच्या सरकारला दाखवायचे होते. पहिल्या वर्षी अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधून ८४८ तरुण आले. २००२ मध्ये योजनेतल्यांची संख्या सहा हजारांच्या वर होती. बहुतेकांचे पद एकच : सहायक भाषाशिक्षक. पदवी कोणत्याही विषयाची चाले, अध्यापनाचा अनुभव लागत नसे आणि करार एकेका वर्षाचा. मुक्कामाची कमाल मर्यादा आधी तीन वर्षे होती, नंतर पाच झाली.

अशा शिक्षकाचा दिवस शाळेच्या दारातच बूट बदलून सुरू होतो. सगळ्या शिक्षकांची एकच मोठी खोली, टेबलाला टेबल लागलेले आणि सकाळची बैठक अर्थातच जपानीत. वर्गात दोघे शिक्षक. जपानी शिक्षकाचे लक्ष प्रवेशपरीक्षेवर, म्हणजे व्याकरणावर. परदेश्याने धडा मोठ्याने वाचायचा आणि मुलांनी मागोमाग म्हणायचे. आपण चालताबोलता टेपरेकॉर्डर झालो आहोत, ही तक्रार पहिल्या तुकड्यांपासून आजपर्यंत कायम आहे. खरी ओळख होते ती दुपारी. भात, मिसो सूप, मासा, दूध असे शाळेचे जेवण मुलांबरोबर वर्गातच घ्यायचे आणि मग मुले झाडू-फडकी घेऊन वर्ग साफ करतात त्यात आपणही हात लावायचा. फळ्यासमोर तोंड न उघडणारा मुलगा जेवताना हमखास काहीतरी विचारतो.

उन्हाळ्यात मुलांना सुट्टी, पण करारानुसार शिक्षक कार्यालयात. रिकाम्या टेबलाशी जपानी लिपी गिरवण्यात ऑगस्ट जातो. हिवाळा त्याहून अवघड. बऱ्याच घरांत एकाच खोलीत रॉकेलचा हीटर. बाकी घर गारठलेले. लहान गावात परदेशी एखादाच, त्यामुळे दुकानातून त्याने काय नेले हे दुसऱ्या दिवशी वर्गाला ठाऊक असते. नंतर आलेल्याने सल्ला विचारला की जुने शिक्षक एवढेच सांगतात : प्रत्येकाची परिस्थिती वेगळी. ते खरेच आहे. एकाला एकच शाळा मिळते, तर दुसरा आठवडाभर पाच शाळा फिरतो.

११ मार्च २०११ च्या त्सुनामीत इशिनोमाकीची टेलर अँडरसन आणि रिकुझेनताकाताचा माँटी डिक्सन हे दोन अमेरिकी सहायक शिक्षक गेले. टेलरच्या कुटुंबाने इशिनोमाकीच्या शाळांत तिच्या नावाचे वाचनकोपरे उभे केले. ‘पाहुणा’ मानलेली माणसे गावात किती खोलवर रुजली होती, हे अनेकांना तेव्हा उमगले.

याच काळात इंग्रजी शिकवण्याच्या धंद्याचे रूपही पालटत होते. २००७ मध्ये नोव्हा ही खासगी इंग्रजी वर्गांची सर्वांत मोठी साखळी कोसळली आणि हजारो परदेशी शिक्षकांचे पगार थकले. प्राथमिक शाळांत पाचवी-सहावीला २०११ पासून परदेशी भाषेचे उपक्रम आले. २०२० पासून ते तिसरी-चौथीला गेले आणि पाचवी-सहावीला परदेशी भाषा हा रीतसर विषय झाला. शिक्षकांची गरज वाढली, तशी अनेक पालिकांनी कंत्राटी कंपन्यांची वाट धरली. तिथे पगार जेटपेक्षा सहसा कमी. त्यातही कंत्राट कामाच्या ठेक्याचे असेल, तर शाळेतला शिक्षक या सहायकाला कायद्याने थेट सूचना देऊ शकत नाही. एकाच फळ्यापुढे उभ्या असलेल्या दोघांनी धडा मिळून कसा घ्यायचा, याचे उत्तर त्या करारात नसते.

चार दशकांचा हिशेब मांडला तर गावांनी जग जवळून पाहिले आणि मायदेशी परतलेले हजारो तरुण जपानचे जाणकार झाले. मुत्सद्देगिरी म्हणून योजना फळली. इंग्रजी बोलण्याच्या बाबतीत मात्र अपेक्षेइतके पदरात पडले नाही, आणि त्याचा दोष त्या तरुणांवर टाकणे अन्यायाचे आहे. ज्याला प्रशिक्षण दिले नाही, ज्याच्या हाती वर्ग सोपवला नाही आणि काम जमू लागताच ज्याचा करार संपवला, त्याच्याकडून शिक्षकाचे काम मागता येत नाही. पाहुणा हवा असेल तर ही व्यवस्था ठीक आहे. शिक्षक हवा असेल तर त्याला शिक्षकाचे पद, पगार आणि मुदत द्यावीच लागेल.