बाणावर क्रियापद लिहा : पुराचा नकाशा फोनवर

ऐकायला वेळ नाही, वाचायला आवडतं म्हणणाऱ्यांसाठी हे या भागाचं लिखित रूप. बोलण्यातलं थोडं कापलंय, थोडं तसंच ठेवलंय.

विषय आहे डोक्यातले विचार चित्रात मांडायची ॲप्स. यात दोन प्रकार आहेत आणि लोक दोन्हींना सरसकट ‘माइंड मॅप’ म्हणतात. माइंड मॅप म्हणजे झाड. मधे विषय, त्याला फांद्या, फांद्यांना उपफांद्या. एक्समाइंड, फ्रीमाइंड ही त्या घरातली. दुसरा प्रकार कन्सेप्ट मॅप. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९७२ मध्ये काढला. शाळकरी पोरांना विज्ञान नेमकं किती कळलंय, हे त्यांना बघायचं होतं. यात चौकटी असतात, बाण असतात आणि प्रत्येक बाणावर शब्द असतो. सगळी गंमत त्या शब्दात आहे.

उदाहरण आपल्या घरचंच घेऊया. कोल्हापूरला पूर का येतो? २०१९ ला राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला ५६ च्या वर. धोका पातळी ४३. जुलै उजाडला की प्रत्येक कट्ट्यावर हाच वाद, आणि प्रत्येकाकडं एकच उत्तर. कुणी म्हणतं अलमट्टी, कुणी म्हणतं राधानगरीचे दरवाजे, कुणी म्हणतं नदीकाठची बांधकामं.

झाड काढलं तर ही सगळी कारणं शेजारीशेजारी गप बसतात. यादीच ती, फक्त रंगीत. आता बाण काढा. ‘राधानगरी’पासून ‘पंचगंगेची पातळी’कडं. बाणावर काय लिहाल? ‘पाणी सोडतं’? कोण सोडतं? तिथले सात दरवाजे स्वयंचलित आहेत, तलाव ठराविक पातळीला भरला की आपले आपण उघडतात. एका दरवाजातून १४२८ क्युसेक, म्हणजे साती उघडले तर जवळजवळ १० हजार. मग बाण ‘तलावाची पातळी’ या नव्या चौकटीतून न्यावा लागतो. त्या चौकटीकडं मागून दुसरा बाण येतो, घाटातल्या पावसाचा. भांडण कुणी दरवाजे उघडले यावरून हलतं आणि पावसाआधी तलावात जागा किती ठेवली होती, या प्रश्नावर येतं. हा प्रश्न जास्त कामाचा आहे.

आता मला सगळ्यात आवडलेला बाण. कोयना धरण सातारा जिल्ह्यात, कोल्हापूरच्या झाडात त्याला फांदीच नाही. पण कोयनेचं पाणी कराडला कृष्णेला मिळतं. कृष्णा फुगली की नृसिंहवाडीला पंचगंगेच्या पाण्याला पुढं वाट मिळत नाही, ते मागं तुंबतं. म्हणजे कोयना ‘फुगवते’ कृष्णेला, कृष्णा ‘अडवते’ पंचगंगेला. ही आडवी जोडणी झाडात दिसतच नाही.

आणि अलमट्टी? त्या बाणावर लोक ‘फुगवटा’ लिहितात. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं अलमट्टीला पुराचं कारण मानलं नाही. तरी कर्नाटकानं उंची ५१९ मीटरवरून ५२४ वर न्यायचं म्हटलं की आपल्याकडून विरोध होतोच. मी हा बाण तुटक रेषेचा ठेवलाय, वर प्रश्नचिन्ह. पुसला नाही, पक्काही केला नाही. कट्ट्यावर अशी सोय नसते, तिथं एक तर हो नाही तर नाही.

मी सॉफ्टवेअरवाला आहे. ऑफिसात सिस्टिमचं चित्र काढताना दोन डब्यांमध्ये नुसता बाण दिसला की पहिला प्रश्न येतो : यातून जातंय काय? नाव नसलेला बाण म्हणजे ‘यांचा काहीतरी संबंध आहे बघा’ एवढंच. तेवढं तर सगळ्यांनाच माहीत असतंय.

आता ॲपचं. सीमॅपटूल्स फुकट आहे, दिसायला जुनाट, पण बाण ओढला की मधोमध प्रश्नचिन्हं येतात आणि शब्द लिहीपर्यंत ती डोळ्यांत खुपत राहतात. माझ्या मते ही त्याची सगळ्यात चांगली सोय. पण त्याला कॉम्प्युटर लागतो. फोनवर ऑब्सिडियनचा कॅनव्हास वापरा : बाणाला नाव देता येतं, फाइल आपल्याच फोनात राहते. एक्समाइंडमध्येही दोन फांद्यांना जोडणारी रेषा काढून तिला नाव देता येतं, फक्त ती सोय शोधावी लागते. रंग, आयकॉन, थीम यांच्या नादाला लागू नका, संध्याकाळ तिथंच जाते.

फोनचा पडदा लहान, त्यामुळं बारा-पंधरा चौकटींच्या वर गेलात की नुसतं झूम करत बसाल. चौकटीत दोन-तीनच शब्द. मराठी टाइप करायचा कंटाळा असेल तर कीबोर्डचा माइक दाबून बोला. चौकटी आधी सगळ्या टाका, बाण नंतर, आणि ज्या बाणाला क्रियापद सुचत नाही तो लाल करा. पुढच्या वेळी वाचायला, विचारायला सुरुवात त्या लाल बाणापासून करायची.

माझ्या नकाशात सध्या तीन लाल आहेत. त्यातला एक शिरोलीजवळच्या महामार्गाच्या भरावाचा : तो पाणी नेमकं किती अडवतो? पाटबंधारे खात्यात काम केलेलं कुणी ऐकत असेल, तर त्या बाणावर काय लिहायचं ते कळवा.