मोसंबीची बाग आणि पिंपरीचं औषध

कँडिडा ऑरिस या बुरशीवरचा भाग आज द्यायचं कबूल केलं होतं, पण तो पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे. जालना जिल्ह्यात बदनापूर तालुक्यातल्या एका मोसंबी बागायतदारांचं पत्र आलं आहे आणि त्यातला एक प्रश्न माझ्या इतक्या जिव्हाळ्याचा निघाला, की त्याला आख्खा भाग दिल्याशिवाय राहवलं नाही.

त्यांच्या थोरल्या भावाला मे २०२१ मध्ये, कोरोनातून उठून घरी आल्यावर, म्युकर (म्युकरमायकोसिस, म्हणजे ‘काळी बुरशी’) झाला. एका बाजूचा गाल सुजला, वरचे दात हलायला लागले, तरी घरच्यांना वाटलं दाढच असेल. पुढे वरच्या जबड्याचा भाग काढावा लागला. डोळा वाचला, माणूसही वाचला. पत्रात दोन प्रश्न आहेत. बागेत गळून पडलेल्या मोसंबीवर हिरवी-पांढरी बुरशी धरते, तीच भावाच्या नाकात गेली का? आणि वडील पूर्वी ऑरिओफंगिन नावाचं औषध फवारायचे. भावाला दिलेलं अँफोटेरिसिन त्याच घराण्यातलं आहे असं कृषी पदवीधर पुतण्या म्हणतो, ते खरं का?

पहिल्याचं उत्तर सरळ आहे. मोसंबीवरची हिरवी बुरशी पेनिसिलियमची, तिचा यात हात नाही. म्युकर होतो तो बहुतेक वेळा रायझोपस नावाच्या बुरशीमुळे, आणि रायझोपस शेणखतात, कुजलेल्या पाल्यात, शिळ्या भाकरीवर, घरातल्या धुळीत, सगळीकडे असतो. त्याचे बीजाणू आपण सगळेच श्वासातून घेतो. ते रुजतात कधी, ते मागच्या भागातल्या लोहाच्या गणितात आलंच आहे : साखर हाताबाहेर जाऊन रक्त आम्लधर्मी झालं की प्रथिनाला बांधलेलं लोह मोकळं होतं आणि रायझोपसला हवं ते आयतं मिळतं. त्यात कोविडसाठी दिलेल्या स्टिरॉइडने साखर आणखी चढते आणि पांढऱ्या पेशी मंदावतात. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात भारतातल्या १६ रुग्णालयांत म्युकरच्या २८७ रुग्णांचा अभ्यास झाला होता. त्यातले १८७ कोविडचे होते, पण कोविड झालेल्या आणि न झालेल्या दोन्ही गटांत सर्वात जास्त आढळलेला मूळ आजार एकच, आटोक्यात नसलेला मधुमेह. हे दुसऱ्या लाटेच्या आधीचं चित्र आहे. भावाला शुगर आहे हे दवाखान्यात भरती केल्यावरच कळलं, असं पत्रातच लिहिलं आहे. बागेला दोष देऊ नका.

आता दुसरा प्रश्न. पुतण्याचं म्हणणं बरोबर आहे. ऑरिओफंगिन, अँफोटेरिसिन बी, हमायसिन ही तिन्ही पॉलिईन कुळातली, त्यातही हेप्टाईन शाखेची औषधं. तिन्ही मातीतल्या सूक्ष्मजीवांनी तयार केलेली. बुरशीच्या पेशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल नावाचा स्निग्ध पदार्थ असतो. अँफोटेरिसिन त्यालाच धरतं आणि स्पंजने पाणी टिपावं तसं आवरणातून ओढून घेतं. आपल्या पेशींत त्या जागी कोलेस्टेरॉल असतं. दोन्ही रेणू सख्ख्या भावंडांसारखे दिसतात, म्हणूनच हे औषध मूत्रपिंडालाही इजा करतं, पोटॅशियम उतरवतं, सलाइन चालू असताना थंडी वाजून अंग थडथड उडतं.

अँफोटेरिसिन मिळालं १९५०च्या दशकात, व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतून. पण ऑरिओफंगिन आणि हमायसिन आपल्या पिंपरीचे. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ साली पिंपरीत उभी राहिली ती पेनिसिलिनसाठी. तिथल्या प्रयोगशाळेत एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी मातीचे नमुने चाळत बसायचे. मूळचे ते बुरशीशास्त्रज्ञ, वनस्पतींच्या रोगांवर हयात घालवलेले, आणि मला वाटतं म्हणूनच माणसाच्या आणि पिकाच्या बुरशीकडे ते एकाच नजरेने पाहू शकले. १९६१ साली हमायसिनवरचा त्यांचा पहिला निबंध प्रसिद्ध झाला. ते तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवाचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. पिंपरीचं नाव जगाच्या सूक्ष्मजीवशास्त्रात असं कोरलं गेलं, आणि महाराष्ट्रातल्या किती शाळांत ते मुलांना सांगितलं जातं? ऑरिओफंगिन शेतात गेलं, हमायसिन दवाखान्यात. तोंडातल्या, कानातल्या, योनिमार्गातल्या बुरशीवर ते वापरलं गेलं. शिरेतून देण्याजोगं रूप मात्र रुग्णांपर्यंत कधी पोचलं नाही. त्या वाटेवर नेटाने पैसा आणि माणसं लावायला हवी होती, असं माझं ठाम मत आहे.

कारण २०२१ चा मे आठवा. साठ किलोच्या माणसाला लायपोसोमल अँफोटेरिसिन किलोमागे ५ मिलिग्रॅम धरलं तर दिवसाला ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या सहा व्हायल. तीन आठवड्यांच्या झाल्या १२६, आणि अनेकांचं तेवढ्यावर भागत नाही. एरवी विरळा असलेल्या रोगासाठी एवढा साठा कोण करून ठेवणार? केंद्राने राज्यांना आणि राज्याने जिल्ह्यांना वाटा ठरवून दिला. जालन्यात तेव्हा शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नव्हतं, गुंतागुंतीचा रुग्ण साठ किलोमीटरवरच्या औरंगाबादेत घाटी या सरकारी रुग्णालयात जायचा. राज्याचे आरोग्यमंत्री तेव्हा होते याच जिल्ह्यातल्या घनसावंगीचे आमदार राजेश टोपे. म्युकरचे उपचार महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आले, मेअखेरीस वर्ध्यात जेनेटिक लाइफ सायन्सेसमध्ये अँफोटेरिसिनच्या इंजेक्शनचं उत्पादन सुरू झालं. पत्रलेखकांनी मात्र तोवर एकेका व्हायलसाठी रात्री जागवल्या होत्या.

लायपोसोमल म्हणजे औषध चरबीच्या अतिसूक्ष्म गोळ्यांत भरलेलं. त्यामुळे मूत्रपिंडाला होणारी इजा बरीच कमी होते. हे तंत्रही आपल्याकडे परकं नव्हतं. दिल्लीचे बिमल कुमार बच्छावत आणि परळच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या कामातून देशी लायपोसोमल अँफोटेरिसिन उभं राहिलं, फंगिसोम या नावाने ते बाजारात आलं.

औषध एवढं जालीम, मग जबडा का काढला, असंही पत्राच्या शेवटी विचारलं आहे. रायझोपस रक्तवाहिन्यांच्या भिंतीत शिरतो, आत गुठळी होते, पुढचा भाग रक्ताविना मरून काळा पडतो. जिथे रक्त जात नाही तिथे रक्तातून दिलेलं औषधही जात नाही. तेवढा भाग कापूनच काढावा लागतो, आणि लवकर.

भाऊ आता बागेत जातात. जायला हरकत नाही. साखर नियमित तपासावी, खताचा ढीग उलथताना तोंडावर मास्क आणि हातात मोजे असावेत, काटा रुतला तर जखम साबणाने लगेच धुवावी. ऑरिस पुढच्या आठवड्यात, नक्की.