वडिलोपार्जित घर : दुरुस्त करावे की विकावे?

गोव्यातील वडिलोपार्जित घराच्या भवितव्याची चर्चा बहुधा चतुर्थीच्या दिवसांत निघते. मुंबई, पुणे, बेंगळुरू किंवा आखाती देशांत स्थायिक झालेली भावंडे माटोळीखाली एकत्र जमतात. पाऊस अद्याप सरलेला नसतो. भिंतींवर ओलीचे डाग उमटलेले असतात, माजघरात गळतीखाली भांडे ठेवलेले असते आणि देवघराच्या चौकटीला वाळवी लागलेली असते. निवृत्तीनंतर गावी येऊन राहण्याचे स्वप्न पाहिलेल्याची घर बघताच निराशा होते. एक जण म्हणतो, विकून मोकळे होऊ. दुसरा म्हणतो, वडिलांचे घर विकायचे नाही. गणपतीचे विसर्जन होते, घराला कुलूप लागते आणि विषय पुढच्या चतुर्थीवर जातो.

घर मात्र पुढच्या चतुर्थीपर्यंत जसेच्या तसे राहत नाही. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात कौलारू घर बंद ठेवणे म्हणजे ते हळूहळू मोडीत काढणेच होय. दुरुस्ती की विक्री, या वादात वर्षे जातात आणि शेवटी तो निर्णय छप्पर कोसळून परस्पर होतो. हा वाद बहुतेक घरांत सुटत नाही, कारण तो शेवटच्या प्रश्नापासून सुरू होतो. त्याआधी चार प्रश्नांची उत्तरे हवीत : घर कोणाचे, त्याची प्रकृती कशी, त्यात राहणार कोण आणि पैशांचा हिशेब काय.

घर नेमके कोणाचे?

गोव्यात या प्रश्नाचे उत्तर शेजारच्या राज्यांपेक्षा वेगळे आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतील कौटुंबिक कायदा मुक्तीनंतरही येथे कायम राहिला. वारसाहक्काच्या तरतुदी पुढे गोवा वारसाहक्क, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कार्यवाही कायदा, २०१२ मध्ये एकत्र करण्यात आल्या. या व्यवस्थेत मुलगा आणि मुलगी यांचा हक्क समान आहे. विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नींची मालमत्ता सामाईक मानली जाते आणि एकाच्या निधनानंतर निम्मी मालमत्ता हयात जोडीदाराची राहते. मुले असतील तर मृत्युपत्राने केवळ अर्ध्या हिश्शाचीच मनाप्रमाणे व्यवस्था लावता येते.

सामाईक मालमत्तेच्या या पद्धतीत वारशाने आलेला हिस्साही दांपत्याचा सामाईक ठरतो. त्यामुळे पाच विवाहित भावंडांच्या घराची विक्री म्हणजे दहा सह्या. परदेशात असलेल्या मेहुण्याचे मुखत्यारपत्र मिळाले नाही म्हणून ठरलेला व्यवहार अडतो, याचे मूळ येथे आहे. एखाद्याला आपला अविभक्त हिस्सा त्रयस्थाला विकायचा असेल तर तो आधी इतर सहमालकांना देऊ करावा लागतो. तसे न केल्यास त्यांना अग्रहक्क सांगता येतो.

कागदपत्रे तपासताना एक गैरसमज वारंवार दिसतो. एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव आहे किंवा घरपट्टी आपल्या नावे भरली जाते, म्हणजे मालकी सिद्ध झाली असे नव्हे. या नोंदींना महत्त्व आहे. तथापि मालकीचा माग दस्त, वाटणीपत्र, इन्व्हेंटरीचा निवाडा आणि जुन्या पोर्तुगीज जमीन नोंदणीतील उतारे यांतूनच लागतो. घर भाटकाराच्या जमिनीवर असेल, तर कुटुंब स्वतःच मुंडकार असू शकते. उलट, आपल्या भाटात दुसऱ्या कुटुंबाचे घर असेल तर १९७५ च्या मुंडकार संरक्षण कायद्याने त्या कुटुंबाला हुसकावण्यापासून संरक्षण आणि घराची जागा विकत घेण्याचा हक्क दिला आहे. विकत घेणाऱ्याचा वकील ही गोष्ट पहिल्याच भेटीत विचारतो. ती घरच्यांना आधी ठाऊक असलेली बरी.

तिसरा मार्ग

वारसांत एकमत असेल तर विशेष नोटरीपुढे वारसांचा दस्त करून नोंदणीकृत वाटणी करता येते. एकमत नसेल तर दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी कार्यवाही दाखल करता येते. या कार्यवाहीत मालमत्तेची यादी व मूल्यांकन होते आणि वारसांमध्ये आपसांत बोली लावण्याची सोय असते. अधिक बोली लावणाऱ्याला घर मिळते आणि तो इतरांना त्यांच्या हिश्शाची रक्कम देतो.

ही सोय वादात हरवलेला एक पर्याय समोर आणते. घर ज्याला हवे त्याने ते घ्यावे, इतरांना योग्य मोबदला द्यावा. ‘घर विकायचे नाही’ असे आग्रहाने सांगणारा वारस इतरांचे हिस्से घेण्यास तयार आहे का, हे विचारले की चर्चा वास्तवावर येते. तो तयार असेल तर घर कुटुंबातच राहते. नसेल, तर त्याच्या आग्रहाचा भार इतरांनी किती काळ वाहायचा हे ठरवावे लागते. हीच बोलणी न्यायालयात न जाता, दोन त्रयस्थ मूल्यांककांचे अंदाज घेऊन घरातही होऊ शकतात.

घराची प्रकृती

जुन्या घराबद्दलची निराशा बहुधा चुकीच्या गोष्टींवरून होते. उडालेला रंग, काळवंडलेली फरशी, गैरसोयीचे न्हाणीघर यांनी मन खट्टू होते; पण त्यांचा घराच्या आयुष्याशी फारसा संबंध नसतो. पाहायचे ते छप्पर, भिंती आणि पाण्याची वाट.

छपराची तपासणी आढ्यापासून करावी. अंगणातून पाहिल्यावर आढ्याची रेषा सरळ दिसत असेल तर लाकडाचा सांगाडा बहुधा सावरण्याजोगा असतो. ती मध्येच झुकली असेल तर वासे थकले आहेत. वाशांची टोके भिंतीवर जेथे टेकतात, तेथेच ओल मुरते आणि वाळवी प्रथम शिरते. म्हणून तेथे लाकडात टोच्या खुपसून पाहणे आवश्यक असते. मत्ती, किंदळ किंवा सागवानाचे जुने वासे वरून मळकट दिसले तरी आतून ठणठणीत निघतात. केवळ कौले फुटली असतील तर खर्च मर्यादित राहतो. सांगाडाच गेला असेल तर ती दुरुस्ती न राहता नवे बांधकाम होते.

भिंतींच्या बाबतीत चिऱ्याचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. चिरा सच्छिद्र असतो. तो पाणी शोषतो आणि कोरड्या दिवसांत सोडून देतो. चुन्याचा गिलावा त्याला ही मोकळीक देतो. गेल्या काही दशकांत अनेक घरांना ‘पक्के’ करण्यासाठी सिमेंटचा गिलावा आणि वर प्लास्टिक रंग देण्यात आला. त्यामुळे आत गेलेली ओल बाहेर पडण्याची वाट बंद झाली, रंगाला फुगे आले आणि भिंतीवर पांढरा क्षार फुलू लागला. अशा घरात ओलीवर उपाय म्हणून पुन्हा सिमेंट चढवणे हा रोगच वाढवण्याचा प्रकार आहे. बारीक, केसाएवढ्या भेगा गिलाव्याच्या असू शकतात. मात्र चिऱ्यांतून तिरकी जाणारी आणि वर्षागणिक रुंदावणारी भेग पाया खचल्याचे लक्षण असते. तेथे गवंड्याच्या अंदाजावर न विसंबता स्थापत्य अभियंत्याचा लेखी अहवाल घ्यावा. त्याची फी पुढील खर्चाच्या मानाने किरकोळ असते आणि भावंडांपुढे ठेवण्यासाठी निःपक्ष कागद हाती येतो.

दुरुस्तीचे ठरले तर क्रमही तोच असावा : प्रथम छप्पर, मग भिंतीजवळ साचणारे पाणी, त्यानंतर वीजवाहिन्या व मलनिःसारण आणि सर्वांत शेवटी फरशी व रंग. अनेक कुटुंबे हा क्रम उलटा करतात. स्वयंपाकघर नवे होते आणि दुसऱ्या पावसात त्यावरच पाणी गळते. जुन्या घरात भिंत उघडल्याखेरीज खरे काम कळत नाही, म्हणून अंदाजपत्रकाच्या वर किमान पाचवा हिस्सा राखीव ठेवणे शहाणपणाचे असते. मोठ्या दुरुस्तीला पंचायतीची किंवा पालिकेची परवानगी लागते आणि सामाईक घराच्या बाबतीत सहमालकांच्या संमतीचा प्रश्न तेथेही येतो. किनारपट्टीवरील घरांना किनारी नियमन क्षेत्राचे नियम लागू होतात, तर फोंतेन्हाससारख्या संवर्धन क्षेत्रात बाह्यरूप बदलण्यावर मर्यादा आहेत.

राहणार कोण?

दुरुस्त केलेले घर पुन्हा बंद ठेवले तर खर्च वाया जातो. कौलारू घर वापराने टिकते. खिडक्या उघडल्या जातात, सरकलेले कौल वेळीच दिसते, वाळवीची रेघ पहिल्याच आठवड्यात पुसली जाते. म्हणून ‘पुढील दहा वर्षांत या घरात वर्षातून किती महिने आणि कोण राहणार’ याचे उत्तर नावानिशी द्यावे. उत्तर केवळ ‘चतुर्थीला सगळे येतील’ असे असेल, तर उरलेल्या दिवसांची जबाबदारी, म्हणजे मे महिन्यातील शाकारणी, घरपट्टी, विजेचे बिल आणि देखभाल करणाऱ्याचे वेतन, कोणाकडे हे लिहून ठेवावे.

घराला स्वतःचा खर्च भागवू देणे हाही एक मार्ग आहे. चांदरच्या ब्रागांझा घराचे दोन भाग कुटुंबाच्या दोन शाखांकडे आहेत आणि दोन्ही ठिकाणी पाहुण्यांना घर पाहू दिले जाते. प्रत्येक घर असे भव्य नसते. पण घराचा एक भाग राखून दुसरा पाहुण्यांसाठी देणे साध्या घरालाही शक्य असते. त्यासाठी १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते आणि रोजची व्यवस्था पाहणारा माणूस गावात असावा लागतो. तो माणूस नसेल तर ही योजना कागदावरच राहते.

विकायचे ठरल्यास

विक्रीतून येणारी रक्कम आणि हाती उरणारी रक्कम यांत फरक असतो. वारशाने आलेल्या जुन्या घराच्या बाबतीत १ एप्रिल २००१ रोजीचे वाजवी बाजारमूल्य खरेदी किंमत म्हणून धरता येते. मात्र ते त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्यापेक्षा अधिक धरता येत नाही. २३ जुलै २०२४ पासून दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावर महागाई निर्देशांकाचा लाभ न देता १२.५ टक्के कर आहे. त्यापूर्वी मिळालेल्या घरासाठी निवासी व्यक्तींना निर्देशांकासह २० टक्के हा जुना हिशेब करून कमी असेल तो कर भरण्याची मुभा आहे. अनिवासी भारतीयांना ही मुभा नाही.

उदाहरणार्थ, २००१ चे मूल्य २० लाख आणि विक्री किंमत १ कोटी असेल, तर नव्या पद्धतीने ८० लाखांवर १० लाख रुपये कर होतो. २०२५-२६ च्या ३७६ या निर्देशांकाने खरेदी किंमत ७५.२ लाख ठरते आणि २० टक्क्यांनी कर सुमारे ४.९६ लाखांवर येतो. २००१ चे मूल्य १० लाखच निघाले, तर मात्र १२.५ टक्क्यांची पद्धत स्वस्त पडते. अधिभार व उपकर यांत धरलेला नाही. नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल सौदा होण्यापूर्वी का हवा, हे या आकड्यांवरून कळते. शिवाय गोव्यातील सामाईक मालमत्ता पद्धतीखालील दांपत्याचे वेतनेतर उत्पन्न आयकरासाठी दोघांत निम्मे-निम्मे विभागले जाते, ही तरतूद बाहेरच्या करसल्लागाराला ठाऊक असेलच असे नाही. विहित मुदतीत दुसरे घर घेतल्यास किंवा ५० लाखांपर्यंतची रक्कम सहा महिन्यांत ठरावीक रोख्यांत गुंतवल्यास करात सवलत मिळते.

पैशांखेरीज दोन गोष्टी सौद्यापूर्वी ठरायला हव्यात. गणपती यापुढे कोणाच्या घरी बसणार आणि देवघरातील देव कोण नेणार? हे प्रश्न संकोचाने मागे ठेवले जातात आणि विक्रीनंतर भावंडांच्या मनात तेच सलत राहतात. कोऱ्या कागदावर त्यांची उत्तरे आधी लिहिली, तर विक्रीला विरोध करणाऱ्याचा विरोध नेमका कशाला होता हेही अनेकदा उलगडते. तो भिंतींना नसतो; वर्षातून एकदा सर्वांना एकत्र आणणारी जागा जाईल याची ती धास्ती असते. त्या धास्तीवर काही वेळा एखाद्या भावंडाच्या फ्लॅटमध्येही उपाय सापडतो. सापडला नाही, तर घर राखण्याचे ते खरे कारण ठरते आणि त्यासाठी होणारा खर्च सर्वांनी वाटून घेणे न्याय्य होते.

तोपर्यंत काय?

कागदपत्रांना महिने लागतात, न्यायालयात वर्षेही जातात. त्या काळात घर उभे राहिले पाहिजे, कारण पडक्या घराला ना राहणारा मिळतो ना चांगला भाव. म्हणून निर्णय काहीही होवो, सर्व वारसांनी एक छोटा सामाईक निधी काढून मे संपण्यापूर्वी छप्पर शाकारून घ्यावे, पन्हळी मोकळ्या कराव्यात, भिंतीत रुजलेली पिंपळाची रोपे मुळासकट काढावीत आणि महिन्यातून दोनदा दारे-खिडक्या उघडण्याची व्यवस्था लावावी. दुरुस्ती आणि विक्री हे दोन्ही पर्याय खुले ठेवण्याचा एवढाच उपाय कुटुंबाच्या हाती असतो.